नवे अरकाटी

ज्याच्याजवळ काम नाही त्याच्याजवळ पैसाही नसतो, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. असे असूनही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या देशात एक व्यवसाय असा फोफावला आहे की, जो नेमका याच माणसाच्या जिवावर चालतो. प्लेसमेंट एजन्सी, रोजगार सल्लागार, मनुष्यबळ पुरवठादार, जॉब पोर्टल अशी त्याची नावे अनेक. पुण्या-मुंबईच्या वाचकांस तो जुना परिचयाचा असेल. आमच्या भरवेलीसारख्या खाणीच्या गावात तो मोबाइलच्या पाठोपाठ शिरला आणि आता घरोघरी त्याचे ऊठबस चालू आहे. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडावयाचे आहे की, हा मध्यस्थ नोकरी शोधणाऱ्यास आपला पक्षकार समजत नाही, माल समजतो. त्याचा चिवटपणा, त्याची घाई, त्याचे गोड बोलणे आणि प्रसंगी त्याची अरेरावी ही सारी या एका समजुतीची लेकरे आहेत. आणि ज्या शासनाची सेवा करण्यात माझे आयुष्य गेले, त्या शासनाने या मालाच्या बाजारास ना कुंपण घातले, ना राखणदार नेमला.

भरवेलीची वस्ती मॅंगनीजवर वाढली. १९६२ साली स्थापन झालेल्या मॅंगनीज ओअर (इंडिया) लिमिटेडचे, म्हणजे आजच्या मॉयलचे, मुख्यालय नागपुरास असले तरी तिची मोठी भूमिगत खाण आमच्या पायाखाली आहे. खाणीत चिकटला तो तरला, ही इथली जुनी धारणा. दुसरी वाट सरकारी नोकरीची. बालाघाटला जाऊन जिल्हा रोजगार कार्यालयात पंजीयन करायचे (महाराष्ट्रातील वाचक त्यास सेवायोजन कार्यालय म्हणतील), एक्स-१० नावाचे कार्ड ट्रंकेत जपून ठेवायचे आणि बोलावण्याची वाट पाहायची. तिसरी वाट ठेकेदाराची. ती गोंदिया, नागपूर, हैदराबादकडे जाते आणि तिच्यावरून जाणाऱ्यांची वर्दळ कधीच थांबली नाही. आता ही चौथी वाट निघाली आहे. ती घरबसल्या सुरू होते, हा तिचा मोठा मोह आहे.

शेजारच्या एका मुलीचे उदाहरण देतो. बालाघाटच्या महाविद्यालयातून ती बी.कॉम. झाली, टॅली शिकली आणि एका संकेतस्थळावर तिने आपली सर्व माहिती भरली: नाव, जन्मतारीख, गुण, पत्ता, मोबाइल क्रमांक. चौथ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मुलगी प्रथम हरखली, मग गोंधळली, मग घाबरली. तिचे वडील खाणीतले. पाळीवरून थकून येणारा माणूस. त्यांच्या सांगण्यावरून मी या फोनांची महिनाभर एका वहीत नोंद ठेवली. नोंद ठेवणे ही आम्हा कारकुनी परंपरेतल्या माणसांची खोड आहे, ती निवृत्तीने जात नाही. वहीत रकाने पाडले: तारीख, वेळ, बोलणाऱ्या संस्थेचे नाव, कोणत्या कंपनीसाठी, कोणते पद, काय मागितले. महिनाअखेर वही चाळली तेव्हा एक रकाना जवळजवळ कोराच राहिलेला दिसला. तो होता ‘कोणत्या कंपनीसाठी’ हा. विचारले की उत्तर ठरलेले: “आमची एक नामांकित क्लायंट कंपनी आहे, मुलाखतीच्या वेळी कळेल.”

शेवटचा रकाना मात्र भरगच्च होता. कोणी नोंदणीचे चारशे नव्याण्णव मागितले, कोणी ‘परत मिळणारे’ सुरक्षा शुल्क, कोणी प्रशिक्षणाच्या साहित्याची किंमत. एकाने मुलाखतीआधीच आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मागितले. हिशेबनिसाचे काम शोधणाऱ्या मुलीला विमा विकण्यापासून कर्जवसुलीपर्यंत सर्व काही देऊ केले गेले. रात्री नऊ वाजता फोन करणाऱ्या एका तरुणाला मी म्हटले की, ही वेळ नव्हे. तो म्हणाला, “अंकल, आज मेरा टार्गेट पूरा नहीं हुआ है.” त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, काकुळती होती. मला त्याचा राग येईना. तोही कोणाचा तरी माल होता.

हे ‘टार्गेट’ नीट समजून घेतले पाहिजे, कारण साऱ्या चिवटपणाची किल्ली तिथे आहे. सचोटीने चालणाऱ्या एजन्सीस पैसे मिळतात ते नोकरी देणाऱ्या कंपनीकडून. प्रचलित दर उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ भाषेत एका महिन्याचा पगार. पदानुसार तो कमीअधिक होतो, पण तत्त्व तेच. हा पैसा उमेदवार रुजू झाला तरच मिळतो. सल्ला दिला, वणवण वाचवली, याबद्दल काही मिळत नाही. त्यातही बहुतेक करारांत एक अट असते की, ठरावीक मुदतीत, बहुधा नव्वद दिवसांत, उमेदवार नोकरी सोडून गेला तर एजन्सीने दुसरा माणूस विनामूल्य द्यावा. आता पाहा. रुजू होईपर्यंत जो दिवसातून चार वेळा विचारपूस करतो, तो रुजू झाल्यावर नव्वद दिवस “सोडू नका, थोडे सहन करा” असे समजावतो आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी ओळख विसरतो. यात त्याच्या स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही. त्याची कमाईच अशी बांधली आहे.

कंपनीचे नाव लपवण्याचे कारणही याच बांधणीत आहे. नाव कळले तर उमेदवार थेट अर्ज करील आणि दलाली बुडेल. शिवाय एकाच जागेसाठी कंपनी पाच-सहा एजन्सींस सांगते. ज्याच्याकडून उमेदवाराचा बायोडाटा आधी पोहोचला, दलाली त्याची. म्हणून घाई: “सर, पाच मिनिटांत पाठवा.” एकाच मुलाचा बायोडाटा दोन एजन्सींनी पाठवला की त्यांच्यात दलालीचा तंटा लागतो आणि पुष्कळदा कंपनी त्या मुलाचेच नाव बाजूला सारते, कारण तंट्यापेक्षा दुसरा मुलगा स्वस्त. मुलाला हे कधी कळत नाही. आपण कमी पडलो, असे समजून तो आणखी एखादा कोर्स करतो.

संकेतस्थळांचा हिशेब याहून साधा आहे. नौकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू झाले, तेव्हा देशात इंटरनेट किती जणांकडे होते हे आठवून पाहावे. पुढे तिची मालक कंपनी इन्फो एज २००६ मध्ये शेअर बाजारात उतरली. या व्यवसायाची रीत अशी की, उमेदवाराने माहिती फुकट भरावी आणि कंपन्यांनी व एजन्सींनी जाहिरात देण्याचे व त्या माहितीच्या साठ्यात शोध घेण्याचे पैसे भरावेत. बेकायदा त्यात काही नाही. पण ज्याला आपण सेवा समजतो, त्या दुकानात फळीवर मांडलेली वस्तू आपणच आहोत, एवढे तरी ध्यानात असावे. मॉन्स्टर नावाचे परदेशी संकेतस्थळ २००१ मध्ये भारतात आले. २०१८ मध्ये त्याचा भारतातील व्यवसाय क्वेस कॉर्प या मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीने घेतला आणि २०२२ मध्ये त्याचे नाव फाउंडइट झाले. धान्याचे कोठार आणि अडतीचे दुकान एका हाती गेले की काय होते, हे ज्यांनी मंडी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. एखाद्या एजन्सीने साठ्यातून एकदा उतरवून घेतलेली यादी पुढे कोणाकोणाकडे फिरते, याचा माग उमेदवाराला लागत नाही. भरवेलीच्या मुलीचा क्रमांक चार दिवसांत पाच शहरांत कसा पोहोचला, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

या माणसाला मी ‘अरकाटी’ म्हणतो, ते रागाच्या भरात नव्हे. हा शब्द आता विस्मृतीत गेला आहे, म्हणून थोडे सांगतो. एकोणिसाव्या शतकात आसामच्या चहाच्या मळ्यांना आणि समुद्रापलीकडच्या उसाच्या वसाहतींना मजूर लागत. ते गोळा करून देणारा गावोगाव फिरणारा दलाल म्हणजे अरकाटी. त्याला डोईमागे पैसे मिळत. आमचा जुना मध्य प्रांत हे आसामच्या मळ्यांचे एक मोठे भरतीक्षेत्र होते. दुष्काळ पडला की अरकाट्याचे पीक येई. तो बाजारात, रेल्वे स्थानकावर, तीर्थाच्या वाटेवर माणूस हेरी, सोन्याचे झाड हलवून रुपये गोळा करण्याच्या गोष्टी सांगी आणि अंगठा उमटवून घेई. एकदा अंगठा उमटला की कामावरून पळणे हा गुन्हा होता. १८५९ चा करारभंगाचा कायदा त्यासाठीच होता. ब्रिटिश सरकारने १९०१ मध्ये आसाम मजुरांसाठी नवा कायदा केला, तो पुरेना तेव्हा १९१५ मध्ये ठेकेदारी भरतीची ही पद्धत बंद केली. समुद्रापलीकडची गिरमिटी भरती १९१७ मध्ये थांबली. म्हणजे परक्या सरकारलाही शेवटी मान्य करावे लागले की, डोईमागे पैसे घेणारा दलाल खरे बोलूच शकत नाही. खरे बोलला तर डोई हातची जाते.

आजचा उमेदवार सही करून बांधला जात नाही, पळाला तर तुरुंगात जात नाही, हा फरक मोठा आहे आणि मी तो लहान करून सांगत नाही. पण डोईमागचे पैसे, लपवलेला मालक आणि न पाहिलेल्या गावाचे सोनेरी वर्णन, ही तीन लक्षणे तीच आहेत.

आता रोजगार कार्यालयाविषयी. या कार्यालयाचे नाव काढताच आपल्या मंडळातही हशा पिकतो. ‘तिथे नाव नोंदवणारे नातवंडांसह निवृत्त झाले’ हा विनोद मी पुष्कळदा ऐकला आहे. या कार्यालयांत जिवंत नोंदींच्या पटाला ‘लाइव्ह रजिस्टर’ म्हणत, त्यावरचे विनोद तर सांगण्याजोगेच नाहीत. तथापि या संस्थेचा जन्म कशातून झाला हे हसणाऱ्यांना ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून १९४५ मध्ये ही कार्यालये उघडली आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपवला गेला. आमच्यासाठी हा दिवस आणखी एका कारणाने स्मरणीय आहे: त्याच दिवशी बालाघाट जिल्हा जुना मध्य प्रदेश सोडून भोपाळ राजधानीच्या नव्या मध्य प्रदेशात आला, नागपूर आमच्या हातून सुटले, आणि मराठी बोलणारी घरे सीमेच्या अलीकडे राहिली. असो, तो विषय वेगळा.

१९५९ मध्ये रिक्त जागा कळवणे सक्तीचे करणारा कायदा झाला. सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनी जागा भरण्यापूर्वी रोजगार कार्यालयास कळवले पाहिजे, असा तो कायदा. कळवले नाही तर दंड किती? पहिल्या अपराधास पाचशे रुपयांपर्यंत, पुढच्यास हजारापर्यंत. १९५९ मध्ये पाचशे रुपये ही रक्कम होती. पुढच्या सहा दशकांत सोने, साखर आणि आमदारांचे भत्ते कुठल्या कुठे गेले, दंड तिथेच राहिला. शिवाय कळवण्याची सक्ती होती, त्या यादीतूनच माणूस घेण्याची नव्हती. १९८७ मध्ये हरगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खासगी मालकांच्या बाबतीत तसे स्पष्टच केले. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, सरकारी भरतीतही केवळ रोजगार कार्यालयाच्या यादीवर न थांबता वृत्तपत्रांतून व इतर माध्यमांतून जाहिरात द्यावी, म्हणजे सर्वांना समान संधी मिळेल. निकाल न्याय्य होता. पण त्यानंतर शासनाने या कार्यालयांस नवे काम द्यावयास हवे होते, ते न देता त्यांना शेवाळू दिले. पदे रिक्त राहिली, टंकलेखन यंत्रे गंजली, आणि नेमक्या त्याच वर्षांत खासगी संकेतस्थळे उभी राहिली. रिकामी जागा कोणी तरी भरतोच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९५९ चा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. आता रोजगार कार्यालयाऐवजी ‘कॅरियर सेंटर’ असे नाव आले आहे. २०१५ पासून केंद्राचे नॅशनल करियर सर्व्हिस हे संकेतस्थळही आहे आणि ते उमेदवाराकडून पैसे घेत नाही. नाव बदलल्याने काम होत असते तर आमच्या खात्यांनी स्वर्ग उतरवला असता. तरीही मी या संस्थेची बाजू घेतो, आणि त्याचे कारण हे: त्या धुळकट कार्यालयातील कारकुनाला मी रुजू झालो काय, न झालो काय, एक पैसा मिळणार नव्हता. १९८०च्या दशकात माझ्या नावाचे कार्ड तिथे होते. त्याने माझी माहिती कोणाला विकली नाही, रात्री नऊ वाजता मला उठवले नाही, आणि जागा चपराशाची असेल तर ‘ऑफिस ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ अशी सांगितली नाही.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे, आणि हे पत्रक साहित्याचे आहे, तेव्हा चार वाक्ये त्यावर. दारोदार विकणाऱ्यास ‘बिझनेस डेव्हलपमेंट’, वसुली करणाऱ्यास ‘कलेक्शन असोसिएट’, रात्रपाळीस ‘फ्लेक्झिबल शिफ्ट’ आणि पगार न सांगण्यास ‘ॲज पर इंडस्ट्री स्टँडर्ड’ म्हणतात. ‘अर्जंट हायरिंग’ ही जाहिरात सहा-सहा महिने तशीच झळकते. इतकी दीर्घायुषी निकड मी शासनातही पाहिली नाही. ‘आपण शॉर्टलिस्ट झाला आहात’ या वाक्यात कर्ता कोण, कोणी निवडले, कशासाठी, यातले काहीही नसते. मराठी कर्मणी प्रयोगाचा इतका कावेबाज उपयोग आमच्या चौकशी अहवालांनाही साधला नव्हता. आपल्याकडे ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ अशी म्हण होती. तिचा क्रम उलटला, हे सर्व जण म्हणतात. त्या कनिष्ठ नोकरीचाच एक व्यापार होऊन बसला, हे म्हणीच्या कर्त्याच्या स्वप्नातही नसेल.

या मताला विरोध करणारे मित्र आहेत आणि ते मूर्ख नाहीत. एक म्हणतात, संकेतस्थळांमुळे खेड्यातल्या मुलाला पुण्याची जाहिरात पुण्याच्या मुलाबरोबरच दिसते. पूर्वी ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ टपालाने येईतो अर्जाची मुदत संपत असे. हे पूर्णपणे खरे आहे. म्हणूनच ही यंत्रणा मोडून टाका असे मी म्हणत नाही. तिच्यावर लिहिलेल्या जाहिरातीखाली मालकाचे नाव, पगार आणि तारीख असावी, एवढे म्हणतो. दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर उत्पादकाचे नाव, किंमत आणि तारीख छापणे कायद्याने बंधनकारक आहे. माणसाच्या आयुष्याची दिशा बदलणाऱ्या जाहिरातीवर ते नसावे, याला काय म्हणावे?

दुसरे म्हणतात, मुले शिकलेली आहेत, त्यांनीच सावध राहावे. हा युक्तिवाद मला नेहमी खटकतो. सावधपणा हा भरल्या पोटाचा गुण आहे. ज्याच्या घरात धाकटी भावंडे आहेत, ज्याची वये भरतीच्या मर्यादेकडे सरकत आहेत, तो मुलगा पाचशे रुपये मूर्खपणामुळे देत नाही. न दिले तर संधी गेली, या भीतीमुळे देतो. फसवणारा हीच भीती विकत असतो. सार्वजनिक कंपन्यांच्या नावाने खोटी नेमणूकपत्रे फिरतात, त्या कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर इशारे लावून मोकळ्या होतात, आणि पत्र घेऊन खाणीच्या दारात उभा राहिलेला पोरगा पहारेकऱ्याकडून सत्य ऐकतो. अशी फसवणूक करणाऱ्यास आपण ‘चारसोबीस’ म्हणत असू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती कलम ३१८ मध्ये गेली आणि एक सुंदर शिवी कायद्याच्या आधारावाचून पोरकी झाली.

कायद्याचाच विषय निघाला म्हणून एक विसंगती मांडतो. ती मला सर्वांत अधिक टोचते. भरवेलीचा मुलगा दुबईला कामाला जाणार असेल, तर त्याला पाठवणाऱ्या एजंटास १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, अनामत ठेवावी लागते, आणि त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्कावर तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी शासन प्रसिद्ध करते. तोच मुलगा हैदराबादला किंवा पुण्याला जाणार असेल, तर त्याच्याकडून किती घ्यावे, कोणी घ्यावे, याविषयी साऱ्या देशाला लागू होणारा केंद्राचा स्वतंत्र कायदा नाही. दुकान थाटण्याचा परवाना आणि एक मोबाइल, एवढ्या भांडवलावर कोणीही दलाल होऊ शकतो. आमच्या शेजारच्या छत्तीसगढने २०१३ मध्ये खासगी प्लेसमेंट एजन्सींच्या नियमनाचा कायदा केला, झारखंडने २०१६ मध्ये. या राज्यांतून कोवळ्या मुली घरकामाच्या नावाखाली महानगरांत नेल्या जात होत्या, त्या दुःखातून ते कायदे जन्मले. सालेटेकरीच्या पलीकडे कायदा आहे, मग अलीकडच्या मुलांनी कोणते पाप केले?

परदेशाच्या बाबतीतही कायदा असून पळवाटा आहेत, हे मान्य. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला की, थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ अशा जागांचे आमिष दाखवून संगणक जाणणाऱ्या भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात आहे. तिथे म्यावाड्डीच्या परिसरात त्यांना कोंडून, दुसऱ्यांना फोनवरून लुबाडण्याच्या कामास जुंपले जाई. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. पुन्हा तीच लक्षणे पाहा: समाजमाध्यमावरची जाहिरात, अनोळखी एजंट, भारदस्त इंग्रजी पदनाम. एका अर्थी अरकाट्याने त्या मुलांना अरकाटीच बनवले होते.

जगाने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नाही. श्रम ही विकाऊ वस्तू नव्हे, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४४ मध्ये फिलाडेल्फियाच्या घोषणेत सांगितले. सार्वजनिक रोजगार सेवा विनामूल्य असावी, हा १९४८ चा ठराव भारताने १९५९ मध्ये स्वीकारला. खासगी रोजगार एजन्सींनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, हा १९९७ चा १८१ क्रमांकाचा ठराव मात्र आपण स्वीकारलेला नाही. माझी मागणी त्याहून काकणभरही अधिक नाही. नोकरी शोधणाऱ्याकडून, कोणत्याही नावाने, एक पैसा घेणे हा गुन्हा ठरवावा. एजन्सीची जिल्ह्यात नोंदणी व्हावी आणि ती यादी कॅरियर सेंटरच्या दारावर लागावी. आणि दंडाची रक्कम पाचशे नसावी.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलांना मी काय सांगतो, तेही लिहितो. संकेतस्थळासाठी वेगळा क्रमांक आणि वेगळा ईमेल ठेवा. फोन आला की कंपनीचे नाव, कामाचे ठिकाण आणि पगार ईमेलवर लेखी मागा. आपला बायोडाटा नेमक्या कोणत्या जागेसाठी पाठवला जाणार हे लेखी कळल्यावाचून होकार देऊ नका, आणि एका जागेसाठी एकाच एजन्सीला होकार द्या. कंपनीचे नाव कळले की तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का, ते पाहा. नेमणूकपत्र हाती येण्यापूर्वी आधार, पॅन, पासबुक यांतले काही देऊ नका. पैसे मागितले की संभाषण संपले. नम्रपणे, पण संपले. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० वर तक्रार नोंदवा. दुसऱ्या दिवसापर्यंत ते चार खात्यांतून पुढे गेलेले असतात. आणि नोकरी मिळाल्यावर संकेतस्थळावरची आपली माहिती पुसून टाका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, पण मागणी करण्यासाठी टप्प्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

माझ्या वहीतला अनुभव सांगतो: “लेखी पाठवा” एवढे दोन शब्द उच्चारले की बहुतेक फोन पुन्हा येत नाहीत. जे येतात, त्यांत काही प्रामाणिक माणसे असतात. शेजारच्या मुलीला शेवटी गोंदियाच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबाचे काम मिळाले, ते तिच्या महाविद्यालयातल्या एका बाईंनी सुचवल्यामुळे. संकेतस्थळावरून पुसण्याची विनंती तिने केली आहे. फोन अजून अधूनमधून येतात.

आपल्या मंडळाच्या वाचनालयात वृत्तपत्रांच्या टेबलामागची भिंत रिकामी आहे. तिथे एक फलक लावावा, त्यावर दर रविवारी ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’मधील आणि मॉयल, मलाजखंडचा ताम्र प्रकल्प, विद्युत मंडळे यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरील जाहिराती हाताने मराठीत व हिंदीत उतरवून लावाव्यात, आणि पैसे मागणाऱ्या फोनांचे क्रमांक नोंदवण्यासाठी खाली एक वही टांगावी, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे गेल्या महिन्यात दिला आहे. खर्च फलकाचा आणि दोऱ्याचा. उतरवून देण्याचे काम मी करीन. माझे अक्षर अजून वाचता येते. अर्जावर निर्णय झालेला नाही.